शेवटच्या खणातली पाच

तिमव्वाला डुकरातलं कळतं, हे सोलापूरच्या वडारवस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. मैंदर्गीच्या अलीकडं दगडाच्या खाणीवर तिचा जन्म. बाप दगड फोडायचा, आई डुकरं राखायची, आणि पायात बळ आल्यापासून तिमव्वा आईच्या मागं मागं. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा आईनं तिच्याबरोबर एक काळी गाभण डुकरीण धाडली होती. त्या एकीची पुढं किती झाली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण वस्तीत कुणाची डुकरीण अडली, कुणाची पिलं दूध पिईनात, की तिमव्वाला हाक जायची. ती यायची, बघायची, दोन शब्द सांगायची आणि निघून जायची. बोलणं कमी, आणि बोलली तर एकदाच. दुसऱ्यांदा सांगायची पाळी आली की तिचं डोकं फिरायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती. शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्याच्या कडेला मुरमाड माळावर एका संस्थेनं डुक्करपालन केंद्र काढलं. पत्र्याची लांबलचक शेड, तिचे आठ खण, मधून बोळ, टोकाला गोदाम. दिवाळीनंतर पुण्याकडून ट्रकनं चाळीस पिलं आली. पांढरी, कान उभे, उन्हात धरली तर आतलं रक्त दिसेल इतक्या पातळ कातडीची. बघायला माळावर माणसं लोटली, पण त्यांची घाण काढायला आणि त्यांना खायला घालायला माणूस मिळेना. तेव्हा कुणीतरी तिमव्वाचं नाव सांगितलं. केंद्रात डुकरांना खायला घालायच्या दगडी डोण्या तिच्याच नवऱ्यानं, हणमंतानं घडवून दिल्या होत्या. ती रोजंदारीवर लागली. सकाळी उन्हं यायच्या आत चालत जायची आणि संध्याकाळी परत यायची. घरची सहा काळी डुकरं तोवर हणमंता बघायचा.

केंद्रावर सुपरवायझर होता जोतीराम कदम. मोडनिंबचा, पंचविशीतला, गाई-म्हशींची इंजेक्शनं शिकून आलेला. डुकराला त्यानं कधी हात लावला नव्हता आणि लावायची त्याला इच्छाही नव्हती. माणूस वाईट नव्हता. तिमव्वा उपाशी आली आहे असं कळलं तर आपल्या डब्यातली अर्धी भाकरी पुढं करायचा. पण वरून आलेल्या कागदाला तो फार भ्यायचा. पिलांबरोबर एक छापील पत्रक आलं होतं. त्यात मका इतका, शेंगदाण्याची पेंड इतकी, मासळीची कुटी इतकी, गव्हाचा कोंडा इतका, असं सगळं लिहिलेलं. सोलापूरच्या बाजारात त्या वेळी मका कुठला यायला. मासळीची कुटी तर लांबच. जोतीरामनं आठ दिवस चौकशा केल्या आणि डोक्याला हात लावून बसला.

तिमव्वानं त्याला सांगितलं की पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी अडतीत कुणी विचारत नाही, ती आणा. ती शिजवायची. डाळमिलमधून तुरीची चुणी, म्हणजे डाळ भरडताना उरलेली कणी-टरफलं, आणायची. शेंगपेंड आहेच. वरून मंडईतली रताळ्याची वेल आणि पाला. जोतीराम घाबरतच तयार झाला. दर सोमवारी पोत्याच्या झोळीत घालून पिलांचं वजन व्हायचं, आणि प्रत्येक सोमवारी काटा पुढं सरकलेला असायचा. संक्रांतीपर्यंत पिलं तिमव्वाच्या मांडीला लागली. केंद्राचा राखणदार कोंडीबा चार बुकं शिकलेला होता. त्यानं एकदा तिला हळूच सांगितलं की सायेबानं वहीत मका लिहिलाय. तिमव्वा म्हणाली, मका कुटं हाय. कोंडीबा म्हणाला, कागदावर हाय. तिला ते आवडलं नाही. पण डुकरं वाढत होती, म्हणून ती गप्प बसली.

संक्रांतीनंतर शेंगपेंड महागली. परदेशी जाते म्हणे, असं अडतीतली माणसं सांगायची. संस्थेच्या बैठकीत ठरलं की शेंगपेंडीऐवजी सरकीची पेंड घ्यायची. अध्यक्ष नागनाथअण्णा मोठे बागायतदार, दारात आठ म्हशी. त्या सरकीच्या पेंडीवर घागरी भरून दूध देत होत्या. अण्णांनी एकदम अडीच महिन्यांचा माल घेतला. ट्रक आला, गोदाम छताला टेकलं.

पहिलं पोतं फुटलं तेव्हाच तिमव्वानं हात आखडता घेतला. ती जोतीरामकडं गेली.

"सायेब, ही पेंड डुकराला घालू नका. म्हशीला चालती, डुकराला न्हाय."

का चालत नाही, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. ती दहा-बारा वर्षांची असताना बापाला बार्शीकडं जिनिंगच्या कारखान्याजवळ काम लागलं होतं. त्यांची डुकरं कारखान्यामागच्या सरकीच्या ढिगाला चटावली. महिना-दीड महिना गुबगुबीत झाली आणि मग धापा टाकत एकेक मरत गेली. अकरा मेली. आई तेव्हापासून सरकी म्हटलं की कानाला हात लावायची.

जोतीरामनं ऐकून घेतलं. मग म्हणाला की ती सरकी होती, ही पेंड आहे. तेल काढलेलं असतं. आणि डुकरं दुसऱ्या कशानंही मेली असतील. पत्रकात सरकीच्या पेंडीबद्दल चांगलं-वाईट काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यानं ते तिच्यासमोर उलटंपालटं करून बघितलं. अण्णांना विचारतो, असंही म्हणाला आणि खरोखरच विचारलं. अण्णा हसले. जी पेंड गाईच्या पोटाला चालते ती घाणीत तोंड घालणाऱ्या जनावराला बाधेल, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं म्हणे.

झालं. तिमव्वानं पेंड भिजवली आणि डोण्यांत घातली. दुसरं काय करणार. तिचं काम घालायचं होतं, ठरवायचं नव्हतं.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही, आणि तेच तिला सगळ्यात वाईट गेलं. डुकरं चवीनं खात होती. सोमवारी काटा पुढंच जात होता. बोळातून जाताना जोतीराम थट्टेनं म्हणायचा, काय तिमव्वा, तुझी सरकी काय म्हणते. ती डोण्या धूत राहायची. आपलं खोटं ठरावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते ठरणार नाही हेही कळत होतं. घरी येऊन ती हणमंताशी विनाकारण भांडायची. भाकरी करपायची, मग त्यावरूनही भांडायची. हणमंता शेवटी म्हणाला की संस्थेची डुकरं, संस्थेची पेंड, तुझं काय जातंय. त्यावर ती जेवली नाही.

महाशिवरात्रीच्या सुमाराला तिसऱ्या खणातला नर पोट उडवायला लागला. पुढचे पाय फाकून उभा राहायचा आणि भात्यासारखी कूस वरखाली व्हायची. चाळीसांत सगळ्यात मोठा तोच होता. डोणीपाशी बाकीच्यांना ढकलून आधी तोंड घालणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोणीतच मान टाकून पडला होता. चार दिवसांत आणखी दोन गेली. जोतीरामनं इंजेक्शनं दिली, शेडला चुना मारला, पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकून पाणी शिंपडलं. वहीत न्यूमोनिया लिहिला. आणीबाणीचं वर्ष होतं. कचेऱ्यांतून माणसं वेळेवर यायची आणि वाईट बातमी वर कळवायला घाबरायची.

तिमव्वा पुन्हा त्याच्यापुढं उभी राहिली. आयुष्यात ती एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला क्वचितच गेली असेल.

"सायेब, साथ असती तर आदी मरतुकडं गेलं असतं. हितं जे लई खातंय तेच जातंय. दुबळं पिल्लू डोणीपाशी पोचत न्हाय, ते बगा कसं उड्या मारतंय."

जोतीराम बराच वेळ खणांकडं बघत राहिला. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो म्हणाला की गोदामात अजून सव्वा महिन्याची पेंड आहे, ती अध्यक्षांच्या सहीनं आलेली आहे. ही पेंड नको असं मी काय म्हणून लिहू, एका बाईनं सांगितलं म्हणून? तिमव्वा म्हणाली, मी सांगितलं म्हणून लिहू नका, मेलेलं डुक्कर बघून लिहा. त्यावर तो आत जाऊन बसला.

तेव्हा तिनं आपल्या मनानं ठरवलं. टोकाचा आठवा खण गोदामाच्या आडोशाला होता, तिकडं कुणी फिरकत नसे. त्यात पाच डुकरं होती. त्या पाचांना तिनं पेंड घालायची बंद केली. घरच्या डुकरांसाठी आणलेली चुणी आणि ज्वारीचा कोंडा ती रोज डोक्यावर घेऊन यायला लागली. मंडईत टाकून दिलेला पाला वेचायची, रताळ्याची सालं मागून आणायची. घरची काळी डुकरं त्या दिवसांत अर्धपोटी राहिली. हणमंतानं विचारलं तर तिनं सांगितलं की थोडे दिवस कळ काढा, मग सगळ्यांना दिसेल. आणि त्या खणाच्या वाटची पेंड तिनं फेकली नाही. रोजची रोज मोजून पोत्यात भरली आणि पोती भिंतीमागं ओळीनं लावून ठेवली. तिचा विचार सरळ होता. महिन्यानं ही पाच जिवंत असतील, तेव्हा सायबाला इथं आणून उभं करायचं. हे डुक्कर बघा म्हणायचं, आणि यांनी न खाल्लेली ही पेंड बघा म्हणायचं. पेंड पुढ्यात नसेल तर कोण विश्वास ठेवणार?

होळीपर्यंत केंद्रातली चौदा डुकरं मेली. आठव्या खणातलं एकही नाही. त्यातलं एक आधी थोडं धापत होतं, तेही सावरलं. आणखी आठ-दहा दिवस गेले की सांगू, असं तिमव्वा म्हणत होती. तेवढ्यात नागनाथअण्णा पाहणीला आले.

अण्णा शेडला वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि त्यांना भिंतीला लावलेली तीन पोती दिसली. त्यांनी एकात हात घातला. सरकीची पेंड. राखणदार कोंडीबाला विचारलं, त्यानं घाबरून खरं तेच सांगितलं, की तिमव्वा रोज भरून ठेवते. अण्णांनी एवढंच ऐकलं. डुकरं का मरतात याचं उत्तर त्यांना सापडलं होतं: ही बाई त्यांचं खाणं चोरून नेते, उपाशी मारते.

तिमव्वाला बोलावलं गेलं. तिनं सांगायला सुरुवात केली, या खणात चला, बघा, हीच पाच. अण्णांनी हातानंच थांबवलं. चोरायचं होतं तर पोती इथंच कशाला ठेवली असती, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, न्यायची सवड मिळाली नसेल. मग ती जोतीरामकडं वळली. आपण दोनदा याच्यापुढं उभ्या राहिलो, याला सगळं ठाऊक आहे, हा बोलेल, असं तिला वाटलं होतं. जोतीराम हातातली वही चाळत होता.

"सायेब, तुमी सांगा की," ती म्हणाली.

"मला विचारून ठेवली नव्हती पोती," जोतीराम म्हणाला.

तेही खरंच होतं. एवढ्या खऱ्या बोलण्यानं आपला असा घात होईल, हे तिला कधी सुचलं नव्हतं. ती तिथून निघाली ती रस्ताभर एकटीच बोलत होती. दुसऱ्या दिवशीपासून कामावर नवीन बाई लागली, आणि आठव्या खणात पुन्हा सरकीची पेंड पडायला लागली.

वस्तीत बातमी तिच्या आधी पोचली. पेंड चोरली म्हणून काढली. जी माणसं तिला अडलेल्या डुकरिणीसाठी हाक मारायची ती तोंडावर काही बोलली नाहीत, पण तिमव्वा नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. तिसऱ्या दिवशी हणमंता म्हणाला की मी सांगत होतो. हे वाक्य तिनं पुढं कित्येक वर्षं त्याला माफ केलं नाही.

पाडवा झाल्यावर पुण्याहून एक डॉक्टर आले. तोवर बावीस डुकरं गेली होती आणि बातमी दाबून ठेवण्याच्या पलीकडं गेली होती. डॉक्टरांनी ताजं मेलेलं डुक्कर माळावरच फाडलं. छातीत पाणी साठलेलं, हृदय सुजून बोचक्यासारखं झालेलं. त्यांनी हात धुतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, खायला काय घालता. सरकीची पेंड ऐकल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. सरकीत एक विष असतं. गाई-म्हशींच्या पोटात ते पचून जातं, वाढत्या डुकराच्या अंगात साठत जातं आणि महिना-दीड महिन्यानं हृदयावर येतं, असं ते म्हणाले. पेंड त्याच दिवशी बंद झाली. पण केंद्राची मान तोवर मुरगळलेली होती. उरलेल्या अठरांचा लिलाव झाला, शेडचे पत्रे निघाले. अहवालात सोलापूरची हवा या जातीला मानवत नाही असं लिहिलं गेलं, आणि त्यावर अण्णांची आणि जोतीरामची सही झाली.

हे सगळं तिमव्वाला जोतीरामनंच सांगितलं. लिलाव झाल्यानंतर तो एका दुपारी वडारवस्तीत आला. दारात उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. केंद्रावर तो तिला अगंतुगं करायचा. इथं त्याच्या तोंडी मावशी आलं.

"मावशी, तुमचंच बरोबर होतं. डॉक्टरांनी तेच सांगितलं."

तिमव्वा पाटीतला कोंडा चाळत होती. चाळणी खाली न ठेवता तिनं विचारलं, हे अण्णांपुढं बोललात का. अहवालात लिहिलंत का. तो म्हणाला की अहवाल वर गेला, फाईल बंद झाली.

"मग माज्या दारात कशाला सांगताय? मला ठावंच हाय की. ज्याला ठाव न्हाय त्याला सांगा."

तो तसाच परत गेला. चहासुद्धा विचारला नाही, हे नंतर तिच्या मनाला लागलं, पण त्याच्यासाठी नव्हे. दारी आलेल्या माणसाला तसं पाठवायची तिच्या घरची रीत नव्हती.

त्या भेटीनं एक मात्र झालं. चोरीचा शेरा कागदावरून काढून घ्यायचाच, असं तिनं मनात घेतलं. कोंडीबाला बरोबर घेऊन ती संस्थेच्या कचेरीत गेली. पहिल्या खेपेला कचेरीतले साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण कपाटाची किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला कारकुनानं केंद्राचा हजेरीपट काढला आणि पानं उलटली. कोंडीबाचं नाव होतं. जोतीरामचं होतं. तिच्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत लिहिलेलं होतं: स्त्री मजूर, एक. चोरीचा शेरा कुठं नव्हता. कामावरून काढल्याचाही नव्हता. नवीन बाई आली त्या दिवसापासूनही तेच, स्त्री मजूर, एक.

कारकून तिला समजावून सांगत होता की तुझ्यावर काही ठपका नाही, निवांत जा. तिमव्वा म्हणाली, मग तसं लिहून द्या, की तिमव्वानं चोरी केली न्हाय. तो म्हणाला की कागदावर तिमव्वा नावाची बाईच नाही, तर तिनं चोरी केली नाही असं लिहू कसं. कोंडीबाला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. तिमव्वा टेबलाला धरून उभी राहिली. दगड असता तर फोडता आला असता, असं तिनं नंतर हणमंताला सांगितलं. या माणसाचं काय करायचं तेच तिला कळलं नाही.

ती पुन्हा कचेरीत गेली नाही.

लिलावात वस्तीतल्या चार घरांनी मिळून एक पांढरी मादी घेतली होती. ती आठव्या खणातलीच निघाली. आठवडाभर तिमव्वा तिच्याकडं फिरकली नाही. मग एके सकाळी शेजारच्या यल्लव्वानं त्या मादीपुढं म्हशीच्या गोठ्यातून आणलेली पेंड ओतलेली तिला दिसली आणि ती धावतच गेली, पाटी उचलून उकिरड्यावर पालथी केली. यल्लव्वा भांडायला उठली. तिमव्वानं तिला जागीच बसवलं आणि सगळं सांगितलं: बार्शी, तिसऱ्या खणातला नर, भिंतीमागची पोती, डॉक्टर. बायका जमल्या होत्या. त्यांतल्या किती जणींचा विश्वास बसला कोण जाणे, पण त्या दिवसानंतर वस्तीत कुणी डुकराला सरकीची पेंड घातली नाही.

पांढऱ्या मादीला पुढच्या पावसाळ्यात अकरा पिलं झाली, त्यातली दहा जगली. चुणी किती, कोंडा किती, शिजवून घालायचं काय आणि कच्चं घालायचं काय, हे विचारायला होटगी, वळसंगहूनही माणसं यायची. तिमव्वा सांगायची, पण सुखानं नाही. कुणी म्हणालं की तिमव्वाच्या हाताला गुण आहे, तर ती चिडायची. हाताचा काय संबंध, ती म्हणायची, डोण्यांपुढं उभं राहून कोण खातंय आणि कोण मरतंय ते बघितलं, तेवढंच. तुम्हाला डोळे नाहीत का. माणसं बिचकायची. काही जण परत यायचेही नाहीत. हणमंता म्हणायचा, जरा नरमाईनं बोल. ती म्हणायची, नरमाईनं बोलले होते एकदा.

मग पाटी डोक्यावर घेऊन ती डाळमिलच्या दिशेनं चालायला लागायची.